चिलटाच्या अंड्याची कंबर कोण कसतं: उघडून, मोजून पाहायची रीत

पिकल्या केळ्याभोवती घोंघावणारी चिलटं सगळ्यांच्या ओळखीची. त्यातली एक मादी उघडून तिच्या पोटातली अंडी पाहिलीत, तर ती लहानापासून मोठ्यापर्यंत एका माळेत ओवल्यासारखी दिसतात. आणि एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. लहान अंडी गोल असतात, मोठी लांबट. वाटाण्यासारखी सुरुवात, तांदळाच्या दाण्यासारखा शेवट. मधल्या प्रवासात हा आकार कुठून येतो, ते कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कसं पाहायचं आणि कसं मोजायचं, ते मी इथे लिहिते आहे.

मी परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये २२ वर्षं सहायक आहे. मुलं मला ताई म्हणतात. दरवर्षी तिसऱ्या वर्षाची दोन-चार मुलं प्रकल्पासाठी माश्या, म्हणजे हीच चिलटं, मागायला येतात. डोळ्यांचे रंग मोजायचा प्रकल्प सगळेच करतात. मी त्यांना आग्रहाने हा सुचवते. याला महागडं काही लागत नाही आणि पेशी एकत्र येऊन आकार कसा घडवतात हे स्वतःच्या डोळ्यांनी कळतं.

आधी काय शोधायचं ते डोक्यात पक्कं करा, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली नुसते पांढरे गोळे दिसतील. मादीला दोन अंडाशय असतात. प्रत्येकात साधारण १६ ते २० माळा. माळेतला एकेक मणी म्हणजे एक कक्ष, वाढत्या अंड्याची खोली. माळेच्या निमुळत्या टोकाला नवे कक्ष तयार होतात आणि जसजसे वाढतात तसतसे मागे सरकतात. एका कक्षात १६ पेशी असतात, एकाच पेशीच्या चार विभाजनांतून आलेल्या. त्यातली एकच अंडं होते. उरलेल्या १५ तिला खाऊ घालतात, त्यांना नर्स पेशी म्हणतात. या सोळा जणींभोवती एकेरी थराचं वेष्टन असतं. तेच अभिस्तर ऊतक, म्हणजे नववीच्या पुस्तकात त्वचेच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या संदर्भात वाचलेलं. इथल्या पेशींना फॉलिकल पेशी म्हणतात. कक्षाच्या वाढीच्या १४ अवस्था मानतात. सुरुवातीला या पेशी ८० च्या आसपास असतात, सहाव्या अवस्थेपर्यंत वाढून आठशे-नऊशे होतात आणि मग विभाजन थांबवतात. पुढे पेशी मोठ्या होतात, नव्या होत नाहीत.

माझं सगळं लक्ष या वेष्टनावर असतं. अंडं लांबट होतं ते या वेष्टनामुळे. आतल्या सोळा पेशी वाढतात, फुगतात, पण कुठल्या दिशेला फुगायचं ते बाहेरचा थर ठरवतो.

हे समजायला मी मुलांना आधी फुगा देते. गोल फुगा थोडासा फुगवा. त्याच्या कमरेभोवती सेलोटेपच्या चार-पाच पट्ट्या शेजारी शेजारी गुंडाळा, कड्यांसारख्या. आता पुढे फुगवा. आडवा वाढायला जागा नाही, म्हणून तो दोन्ही टोकांकडे लांब होत जातो. चिलटाच्या अंड्यात हेच घडतं. फॉलिकल पेशींच्या बाहेरच्या बाजूला अॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या जाड दोऱ्या असतात, सगळ्या एकाच दिशेने, कक्षाला आडवा वेढा देणाऱ्या. त्यांच्याही बाहेर कोलॅजनसारख्या प्रथिनांचं पातळ आवरण असतं आणि त्यातही तसेच आडवे तंतू असतात. आपण कंबर कसली म्हणतो ना, तशी ही अंड्याची कसलेली कंबर. संशोधकांनी कोलॅजन विरघळवणारं विकर टाकून पाहिलं, तेव्हा लांबट कक्ष पुन्हा गोलसर झाले. पट्टा सुटला की आकार गेला.

मग हा पट्टा इतका सरळ, आडवा विणतं कोण? हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. २०११ मध्ये बर्कलीच्या सओरी हायगो आणि डेव्हिड बिल्डर यांनी जिवंत कक्षांचं चित्रीकरण करून दाखवलं की अख्खा कक्ष स्वतःभोवती फिरतो. फॉलिकल पेशी बाहेरच्या आवरणावरून सरपटत जातात, सगळ्या एकाच दिशेने, आणि आतल्या सोळा पेशींना बरोबर घेऊन फिरतात. बाहेरचं आवरण मात्र जागच्या जागी राहतं. नंतर शिकागोच्या सॅली हॉर्न-बाडोव्हिनाक यांच्या लॅबने दाखवलं की हे फिरणं अगदी पहिल्या अवस्थेपासूनच सुरू असतं. पेशी जाता जाता दोघींच्या फटीत आवरणाची प्रथिनं सोडतात आणि चालण्याच्या दिशेने त्यांचे लांब तंतू पडत जातात.

माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. बॉबिनला ती बाबीण म्हणायची. तिथे बाबीण फिरते आणि धागा बाहेरून येऊन तिच्यावर गुंडाळला जातो. इथे बाबीण स्वतःच धागा काढते आणि स्वतःभोवती लावत जाते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजी असायला हवी होती असं वाटलं. तिला हे एका वाक्यात कळलं असतं.

आणि आठशे पेशी एकाच दिशेने चालतात कशा? मंगळागौरीचा फेर आठवा. फेराला पुढचं टोक नसतं, प्रत्येकीच्या पुढे कुणीतरी असते आणि मागेही. इथे प्रत्येक पेशीच्या मागच्या कडेला फॅट-टू नावाचं प्रथिन असतं. ते मागच्या पेशीला पाऊल पुढे टाकायला लावतं. असं एकीकडून दुसरीला करत सगळा फेर चालू राहतो. कक्ष डावीकडे फिरेल की उजवीकडे, ते ठरलेलं नसतं. एकाच माळेतले शेजारचे कक्ष उलटसुलट फिरताना दिसतात. फॅट-टूचा जनुक बिघडला की फेरच धरला जात नाही, तंतू वेडेवाकडे पडतात आणि अंडी आखूड, गोलसर होतात. त्या जनुकाचं नावच कुगेलआय आहे. जर्मनमध्ये कुगेल म्हणजे गोळा आणि आय म्हणजे अंडं.

आता कामाला लागू.

माश्या मिळवणं मुंबईत अवघड नाही. वेलची केळं जास्त पिकू द्या, बरणीत ठेवा, तोंडावर कागदाचा निमुळता शंकू लावा. दोन दिवसांत भरपूर येतात. पण बाहेरून धरलेल्यांत दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. डोक्यावर आणि पाठीवर पांढरे पट्टे असतील तर ती झॅप्रिओनस, वेगळी जात, बाजूला काढा. तिच्या अंड्याच्या कवचाला बाहेर चार तंतू असतात, आपल्याला दोन तंतूंवाली हवी. शक्य असेल तर एखाद्या संशोधन संस्थेतून किंवा दुसऱ्या कॉलेजातून ड्रोसोफिला मेलानोगास्टरचा, म्हणजे आपल्याला हव्या त्या चिलटाचा, शुद्ध वाण मागून घ्या. नीट पत्र दिलं की बहुतेक जण देतात. मुंबईला या माशीची जुनी ओळख आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला आणि सत्तरच्या दशकात व्हेरोनिका रॉड्रिग्स यांच्याबरोबर याच माशीच्या वास ओळखण्याच्या जनुकांवर काम केलं.

खाद्य असं करा: १ लिटर पाण्याला ८० ग्रॅम मक्याचं पीठ, ६० ग्रॅम साखर, १५ ग्रॅम यीस्ट, ८ ग्रॅम अगर. अगर म्हणजे वाण्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतं तेच. शिजवून पिठल्यासारखं झालं की गॅस बंद करा, भांड्याला हात लावता येईल इतकं निवल्यावर ४ मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल ढवळा. हे बुरशीसाठी. उकळत्यात टाकलंत तर उडून जाईल, वर डोळे झोंबतील. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ल घालूनही बुरशी येते, म्हणून कापसाचे बोळे दर आठवड्याला बदला. एप्रिल-मे टाळाच. ३० अंशांच्या वर माश्यांची प्रजा मंदावते, नर वांझ होऊ लागतात. दिवाळीनंतर सुरू केलंत तर इन्क्युबेटर नसला तरी चालून जातं. असेल तर २५ अंशांवर ठेवा.

पुढची पायरी बरीच मुलं गाळतात, आणि मग माझ्याकडे तक्रार घेऊन येतात की मधल्या अवस्था दिसतच नाहीत. उपाशी मादी मोठे होत आलेले कक्ष मधेच मोडून टाकते. बलक भरायला सुरुवात होते तिथेच तिचा निर्णय होतो: खायला असेल तर पुढे, नसेल तर नाही. म्हणून उघडायच्या दोन दिवस आधी तरुण माद्या आणि थोडे नर नव्या बाटलीत घ्या आणि बेकरीचं कोरडं यीस्ट पाण्यात कालवून, भज्यांच्या पिठापेक्षा थोडं घट्ट, एक बोटभर बाटलीच्या कडेला लावा. नर हवेतच, त्यांच्याशिवाय अंडी अडकून राहतात. नर लहान, शेपटाकडे काळा. मादी मोठी, टोकदार, पट्ट्यापट्ट्यांची. दोन दिवसांनी मादीचं पोट तट्ट फुगलेलं दिसलं की समजा तयार.

उघडायचं कसं: बाटली बर्फात पाच मिनिटं ठेवा, माश्या निपचित पडतात. इथर नको, बंद खोलीत मुलांचं डोकं दुखतं. साडेसात ग्रॅम मीठ १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, हे तुमचं सलाईन. स्लाइडवर मोठा थेंब घ्या आणि पंखा बंद करा. पंखा बंद हे मी फळ्यावर लिहून ठेवते. पंख्याखाली थेंब दहा मिनिटांत आटतो, मीठ दाट होतं, पेशी आक्रसतात आणि तुमचं माप चुकतं.

डाव्या चिमट्याने मादीला छातीशी धरा. उजव्याने शेपटाचं अगदी टोक पकडा आणि सावकाश, एका सरळ रेषेत ओढा. हिसका द्यायचा नाही. कातडी फाटेल आणि मागून आतडं, त्याच्याबरोबर दोन पांढरे घोस बाहेर येतील. घोसांच्या एका बाजूला मोठी दुधाळ अंडी, दुसऱ्या बाजूला सुईच्या टोकाएवढी निमुळती शेंडी. बाकी सगळं बाजूला सारा. चांगले चिमटे महाग असतात. नसतील तर इन्सुलिनच्या दोन सिरिंज घ्या, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात, त्यांच्या सुया सोडवायला उत्तम.

आता खरं हाताचं काम. प्रत्येक माळ स्नायूच्या पातळ बाहीत असते. मोठ्या अंड्यांकडची बाजू एका सुईने हलकेच दाबून धरा. दुसऱ्या सुईने किंवा चिमट्याने एका माळेची शेंडी पकडून ओढा, पायजम्याची नाडी ओढावी तशी. अख्खी माळ बाहीतून सरकत बाहेर येते, मणी एकामागोमाग एक. पहिल्या दिवशी दहातल्या आठ तुटतील. तुटू द्या. आठवड्याने हात बसतो. काही माळा बाहीतच राहतात आणि तिथे तुम्हाला कक्ष थरथरताना, दबताना दिसतील. दरवर्षी कुणीतरी ओरडतं, ताई, फिरतंय! ते फिरणं नव्हे, बाहीच्या स्नायूचं आकुंचन आहे. खरं फिरणं मिनिटाला अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, एक फेरी पुरी व्हायला कित्येक तास. ते पाहायला पोषक द्रव, इन्सुलिन आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लागतो. आपल्याला फिरण्याचा परिणाम दिसतो, आणि तो मोजता येतो.

कव्हरस्लिप ठेवण्याआधी थांबा. माझी मोठी चूक इथेच झाली होती. पहिल्या वर्षी मी सवयीने कव्हरस्लिप सरळ ठेवली, वर ब्लॉटिंग पेपरने दाबली. मापं घेतली तर सगळे मोठे कक्ष रुंद, गोलसर. मी आणि दोन मुलींनी तीन आठवडे त्याच मापांवर काम केलं, आलेख काढले, प्रकल्प जवळजवळ लिहून झाला होता. मग एका मॅडमनी विचारलं, आधार काय दिला होता? कक्ष चेपले गेले होते. सगळं टाकून द्यावं लागलं, आणि त्या मुलींकडे पाहताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून स्लाइडवर दोन बाजूंना नेलपॉलिशचे जाड ठिपके सुकवून घेते, त्यावर कव्हरस्लिप टेकते. खाली कक्ष मोकळा राहतो. खात्री करायची तर कव्हरस्लिपला सुईने किंचित धक्का द्या. कक्ष लोळला पाहिजे. लोळला नाही तर तो मोजू नका.

रंगही मोजून झाल्यावर. अॅसिटोकार्मिन या लाल रंगातल्या अॅसिटिक आम्लाने पेशी फुगतात. आधी बिनरंगाचं माप, मग रंग. बिनरंगाचा कक्ष पारदर्शक, दिसत नाही असं वाटेल. कंडेन्सरचा पडदा जवळजवळ बंद करा, कडा उठून येतात. वेष्टनाचा थर कक्षाच्या काठाला विटांच्या एकेरी भिंतीसारखा दिसतो.

अवस्था १४ आहेत, पण सगळ्या ओळखायचा हट्ट नको. मी मुलांना इतकंच सांगते. कक्ष लहान, स्वच्छ, बलक नाही: सातव्यापर्यंत. मागच्या टोकाला बलकाची पहिली धूसर छाया: आठवी. वेष्टनाच्या पेशी मागच्या बाजूला गोळा होऊ लागल्या आणि पुढचा भाग पातळ पडला: नववी. अंडं अर्धा कक्ष व्यापून बसलं: दहावी. नर्स पेशी आपलं सगळं अंड्यात ओतून आक्रसल्या: अकरावी. हे ओतणं अर्ध्या तासाचं असतं, म्हणून अकरावी क्वचितच सापडते. सापडली तर मला हाक मारा. दोन तंतू, पूर्ण कवच: चौदावी.

माप घेण्याआधी आयपीसमधली पट्टी स्टेज मायक्रोमीटरशी जुळवा. त्यावर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटर. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळं जुळवायचं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. मग प्रत्येक कक्षाची लांबी, रुंदी, आणि लांबी भागिले रुंदी. चौदाव्यात तंतू धरू नका. प्रत्येक अवस्थेचे निदान २० कक्ष, किमान पाच माद्यांमधून, आणि समोर येईल तो मोजायचा. सुंदर दिसतात तेवढेच मोजायचा मोह होतो, तो टाळा.

आकडे कसे येतील? चौथ्या अवस्थेपर्यंत भागाकार एकच्या जवळ. पाचव्यापासून चढायला लागतो. आठव्यात दीडच्या वर. पूर्ण अंडं अर्धा मिलिमीटर लांब, भागाकार अडीचच्या आसपास. आलेखाच्या कागदावर हे ठिपके मांडलेत की पाचव्या अवस्थेनंतरची चढण स्पष्ट दिसते. पण सगळी चढण एकट्या फेराची नाही. नवव्या-दहाव्या अवस्थेत फिरणं थांबलेलं असतं. तिथे अॅक्टिनच्या दोऱ्या मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर दर सहा मिनिटांच्या आसपास एकदा आवळतात आणि सैल होतात, पट्टा पुन्हा पुन्हा ओढून घ्यावा तसं. दोन्ही टोकांच्या पेशींतून येणारे संदेशही सुरुवातीच्या लांबण्याला हातभार लावतात. तो विषय मोठा आहे, इथे घेत नाही.

प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक एखाद्या संस्थेत वापरायला मिळाला तर पट्टा प्रत्यक्ष दिसतो. ४ टक्के फॉर्मलडिहाइडमध्ये १५ ते २० मिनिटं ठेवा, धुवा, फॅलॉइडिन, म्हणजे अॅक्टिनला चिकटणारा चमकता रंग, लावा. मिथेनॉलला हात लावू नका, त्यात अॅक्टिनची घडी मोडते आणि फॅलॉइडिन बसत नाही. फोकस सर्वांत बाहेरच्या पातळीवर आणा, पेशींच्या तळावर. आतल्या पातळीवर नुसत्या षटकोनी कडा दिसतात आणि मुलं तिथेच खूश होऊन थांबतात. स्क्रू अर्धा आटा बाहेर फिरवा. अचानक सगळ्या पेशींमधून आडव्या रेघा उमटतात, एकीतून दुसरीत, सगळ्या समांतर, खणाच्या कापडावरच्या काड्यांसारख्या. मी हे एकदाच पाहिलं आहे, अंधाऱ्या खोलीत, एका विद्यार्थिनीच्या शेजारी उभी राहून. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

ते नाही मिळालं तरी एक गोष्ट घरच्या घरी होते. चायना ग्रासमध्ये काळ्या द्राक्षांचा रस घालून बशीत थिजवा, वर यीस्टचा ठिपका, आणि माश्यांची बाटली रात्रभर त्यावर उपडी ठेवा. सकाळी काळ्यावर पांढरी अंडी दिसतील. ओल्या रंगाच्या ब्रशने एक उचला, कोरड्या स्लाइडवर ठेवा, कव्हरस्लिप नको. बाजूने टॉर्च तिरपी धरा आणि १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली पाहा. कवचावर षटकोनी जाळी दिसेल. अंडं बाहेर पडताना फॉलिकल पेशी मागे राहिल्या, त्या संपल्या. पण कवच त्यांनीच ओतलं होतं, आणि प्रत्येकीचा ठसा तिच्या जागी आहे. मोजायला सुरुवात करा, पोटाकडच्या बाजूने, तिथे ठसे ठळक असतात.